तात्यांचा पॉझ

"बाबा, मी परत आले तर दार उघडाल?" नाटकातल्या लेकीने रडवेल्या आवाजात विचारलं, आणि तात्या गप्प बसले.

नाटक रेडिओवर थेट चाललं होतं. घराघरांत लोक कान देऊन बसले होते. बाप काय म्हणतो? लेकीला घरात घेतो की नाही? तात्या गप्प. तेवढ्यात रेडिओतून एक उत्साही बाई म्हणाली, "पाठ धरली आहे? कंबर भरून येते? आजच घरी आणा आमची मऊ मऊ गादी." पाठोपाठ सनई वाजली, गादीचं गाणं झालं, दुकानाचा पत्ता दोनदा सांगून झाला. आणि मग तात्यांचा तो सुप्रसिद्ध, खोल, मायेने ओथंबलेला आवाज आला.

"ये."

दुसऱ्या दिवशी तात्या रस्त्यातून निघाले, तर न्हाव्याने दुकानातूनच हात केला आणि पाठ कशी आहे म्हणून विचारलं. भाजीवालीने गादी कापसाची की फोमची, एवढंच विचारलं. तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता तात्यांचा पॉझ म्हणजे काय चीज होती, हे सांगायला हवं. एरवी तात्यांचं तोंड म्हणजे वाहती मोरी. जेवताना बोलत, आंघोळ करताना बोलत, डॉक्टरने जीभ बाहेर काढायला सांगितली तरी बोलत. पण माइकसमोर ते असे गप्प बसत, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. त्यांच्या एका पॉझमध्ये म्हणे एका नवराबायकोचं भांडण सुरू होऊन मिटलंसुद्धा होतं. दुसऱ्या एका पॉझला एका गृहस्थाने रेडिओ बिघडला असं समजून तो विकून टाकला, आणि ज्याने विकत घेतला त्याला पुढचं वाक्य ऐकायला मिळालं. यातलं खरं किती ते तात्यांनाच ठाऊक, कारण सांगणारेही तेच.

तात्या तरातरा रेडिओ केंद्रावर गेले. साहेबांनी शांतपणे खुलासा केला. केंद्रावर नवीन यंत्रणा बसली होती. रेडिओवर तीन सेकंदांच्या वर शांतता झाली, की ती आपणहून एखादी जाहिरात उचलून लावी आणि ती संपेपर्यंत माइक बंद ठेवी. कंपनीने तिला मोठं भारदस्त नाव दिलं होतं. पण चार माणसं गप्प बसलेली जिला बघवत नाहीत, अशी एक आत्या प्रत्येक घरात असतेच, म्हणून केंद्रावर सगळे तिला आत्याबाई म्हणत.

"तात्या, तुम्ही तो पॉझ जरा तीन सेकंदांत बसवा ना," साहेब म्हणाले.

"साहेब, पॉझ आहे तो. पायजमा नाही, आखूड करायला."

"वरून हुकूम आहे. आत्याबाईच्या कामात हात घालायचा नाही."

"मग आत्याबाईलाच द्या की बापाचं काम."

हे तात्या रागाने बोलून गेले. पण साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं की तेही ठरतच आलंय. तात्यांच्या जुन्या नाटकांवरून यंत्राने तात्यांचा आवाज तयार केला होता. तो कुठलंही वाक्य म्हणे, पाणी मागत नसे, आणि पॉझ घेत नसे. कारण आवाज शिकताना यंत्राने मधल्या साऱ्या शांतता कचरा म्हणून झाडून टाकल्या होत्या. लोकांच्या आग्रहावरून नाटक पुढच्या आठवड्यात पुन्हा थेट व्हायचं होतं. (आग्रह गादीसाठी होता, हे साहेबांनी सांगितलं नाही.) त्या वेळी पॉझ तीन सेकंदांत बसला तर तात्या, नाहीतर त्यापुढे यंत्रातले तात्या.

तात्या उठले. दारात वळून म्हणाले, "साहेब, गप्प बसेन तर पुरता बसेन. नाहीतर बोलणार नाही."

याचा अर्थ काय, यावर साहेब बराच वेळ विचार करत राहिले.

घरी काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, सुचवलं की गप्प बसताना जरा जोरात श्वास घ्या, म्हणजे शांतता होणारच नाही. तालमीत तात्यांनी बैलासारखा श्वास घेऊन पाहिला. यंत्राने तो धूळ म्हणून पुसला आणि गादी लावली. तात्यांनी खुर्ची करकरवली, किल्ल्या वाजवल्या, खोकून पाहिलं. सगळं पुसलं गेलं. मागून आली आणि तिखट झाली, ती ही बया.

शेवटी यंत्रावर बसणारा तंत्रज्ञ तात्यांना कोपऱ्यात घेऊन गेला. त्याला सगळे बटण म्हणत. बटणालाही आत्याबाईचा राग होता, कारण ती आल्यापासून त्याच्याशी कोणी सल्लामसलत करत नसे.

"तात्या, तिला बंद करता येत नाही, पण फसवता येतं," तो म्हणाला. "तिच्या फडताळात जाहिराती एकावर एक रचलेल्या असतात. शांतता झाली, की ती सगळ्यात वरची उचलते. आपण सगळ्यात वर तुमची शांतता ठेवू."

"माझी?"

"तुमचं गप्प बसणं रेकॉर्ड करायचं. तुम्ही गप्प बसलात, की ती गादीऐवजी तेच लावणार. तिचं समाधान, तुमचा पॉझ."

तात्यांना हे इतकं पटलं, की त्यांनी बटणाला मिठी मारली. रेकॉर्डिंग मात्र सोपं गेलं नाही. समोर लेक नाही, प्रसंग नाही, नुसतं गप्प बसायचं, हे तात्यांनी जन्मात केलं नव्हतं. पहिल्यांदा मध्येच त्यांनी "झालं का?" विचारलं. दुसऱ्यांदा, मी आता अगदी गप्प आहे, असं सांगितलं. तिसऱ्यांदा पंख्याबद्दल तक्रार केली. काकू मुद्दाम बघायला आल्या होत्या. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणाल्या होत्या. अखेर त्यांनी काचेपलीकडून डोळे वटारले तेव्हा कुठे काम झालं. जाताना त्यांनी बटणाला हळूच विचारलं, "याची एक प्रत घरी मिळेल का हो?"

नाटकाचा दिवस आला. संध्याकाळी सगळे माइकसमोर उभे राहिले. नाटकाच्या शेवटी साहेबांचं 'नवं तंत्र, नवा रेडिओ' या विषयावर भाषण होतं, म्हणून तेही नवा कोट घालून आले होते. लेकीने विचारलं, "बाबा, मी परत आले तर दार उघडाल?"

तात्या गप्प बसले. आत्याबाईने फडताळात हात घातला. गादी नाही, सनई नाही. बटणाने काचेआडून अंगठा वर केला. तात्यांनी मनसोक्त पॉझ घेतला. मागचा आणि आजचा, दोन्ही मिळून घेतला. मग म्हणाले, "ये." लेक झालेली नटी खरोखरच हुंदके देऊ लागली. दार करकरलं, नाटक संपलं. साहेबांनी भाषण केलं, टाळ्या पडल्या. पडद्यावर आत्याबाईचा हिरवा दिवा जळत होता: सर्व ठीक. पूर्वी बाहेर काय जातंय ते ऐकायला एक माणूस बसे. हिरवा दिवा आल्यावर त्याला घरी पाठवलं होतं.

छाती काढून तात्या घरी निघाले. आता न्हाव्याला विचारू, पाठ कशी आहे म्हणून. पण न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक अर्ध्या फेसासकट बसलं होतं आणि वस्तरा हवेत थांबला होता. भाजीवाली पालकाची जुडी छातीशी धरून उभी होती. तात्यांनी तोंड उघडताच दोघांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

घरी तर दारात चपलांचा ढीग. आत अर्धी आळी जमलेली, मध्ये रेडिओ, आणि रेडिओसमोर पदराने डोळे पुसत काकू. तात्यांची चाहूल लागताच त्या मागे न बघता म्हणाल्या, "श्श. अजून बोलले नाहीत ते."

"कोण?"

काकूंनी वळून पाहिलं. मग रेडिओकडे पाहिलं. मग पुन्हा तात्यांकडे.

"अहो, तुम्ही इथे? मग आत कोण गप्प बसलंय?"

तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला. साहेब होते, आणि घाबरेघुबरे झाले होते. झालं होतं ते असं. आत्याबाईने तात्यांची शांतता लावली. ती लावून तीन सेकंद होतात न होतात तोच तिच्या लक्षात आलं की रेडिओवर शांतता आहे. तिने फडताळात हात घातला आणि वरची उचलली. ती तात्यांची शांतता. पुन्हा तीन सेकंद, पुन्हा फडताळ. माइक जो बंद झाला तो उघडलाच नाही. तात्यांचा 'ये', लेकीचे हुंदके, बातम्या, साहेबांचं अख्खं भाषण, सगळं तिने गिळलं होतं, आणि दिवा हिरवा.

"आता वायर उपटलीय," साहेब म्हणत होते. "माइक मोकळा आहे. पण लावू काय? फोनवर फोन येतायत, म्हातारा दार उघडतो की नाही ते आधी सांगा म्हणून. गाणं लावलंत तर केंद्रावर येऊ म्हणतात. तुमचा यंत्रातला 'ये' एका बाईंना फोनवर ऐकवून पाहिला. त्या म्हणाल्या, हा बाप नाही, हा लिफ्टवाला आहे. तात्या, तुम्ही या आणि तेवढं म्हणा. येताय ना?"

तात्यांच्या ओठांवर 'येतो' आलंच होतं. पण समोर काकू बघत होत्या, अर्धी आळी बघत होती, आणि साहेबांनी प्रश्नही असा विचारला होता, की पुढे पॉझ नाही घ्यायचा तर काय करायचं? तात्या गप्प बसले.

"हॅलो? हॅलो?" तीन सेकंदांपुढे साहेबांना राहवेना. "बरं, नाटकाच्या वेळी आत्याबाई बंद. माझ्या जबाबदारीवर. वर मी सांगतो काय ते."

तात्या गप्प.

"तो यंत्रातला आवाजही पुसून टाकू. बटणाला आत्ता सांगतो. बघा, सांगितलंसुद्धा."

तात्यांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"ऐकायला बसायचा तो माणूस परत बोलावतो. उद्याच. तात्या, गाडी पाठवतो हो. काहीतरी बोला."

तात्यांनी आणखी जरा थांबून, पूर्ण खर्जात, मायेने म्हटलं, "येतो." आणि फोन ठेवला.

"मग निघा की आता," शेजारीण म्हणाली.

तात्यांनी सवयीने तोंड उघडलं. साहेबांना कसं कोंडीत पकडलं, पॉझ म्हणजे काय असतो, त्या रेडिओ विकणाऱ्या गृहस्थाचं काय झालं, सगळं आता सांगायचंच होतं. पण काकूंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"गाडी येईपर्यंत बसा. नि बोलू नका."

तात्या बसले. रेडिओवरही तात्या गप्प होते, खुर्चीवरही तात्या गप्प होते. काकूंनी हळूच रेडिओचा आवाज थोडा वाढवला.