बोल्ट खिशात, गाडी रस्त्यावर

शनिवारी सकाळी नऊ वाजता चष्मेवाल्यांनी बाह्या सरसावल्या आणि मोटारसायकलच्या इंजिनातलं तेल आपण घरीच बदलणार, असं जाहीर करून टाकलं.

"आजच?" बायकोनं विचारलं. "अकराला माझी टेस्ट आहे, लक्षात आहे ना?"

"म्हणून तर! ऐन टेस्टमध्ये गाडीनं मान टाकली म्हणजे? तासाभरात ठणठणीत करून देतो."

"त्यापेक्षा मेकॅनिककडे द्या ना."

"तो काय आकाशातून पडलाय? खालचा बोल्ट काढायचा, जुनं तेल सोडायचं, बोल्ट लावायचा, नवं तेल ओतायचं. अगं, माझ्या हातून दिवसाला पन्नास स्क्रू जातात."

"जातात खरे. मग आपण दोघं टॉर्च घेऊन दुकानभर शोधतो."

चष्मेवाल्यांनी ते ऐकलंच नाही. मोहरीएवढे स्क्रू चष्म्याच्या काडीत बसवण्यात वीस वर्षं घालवलेल्या माणसाला अंगठ्याएवढा बोल्ट म्हणजे डाव्या हाताचा मळ वाटणार, यात नवल नव्हतं. शिवाय आजची परवान्याची टेस्ट साधी नव्हती. बायको दवाखान्यात नर्स. पहाटेच्या पाळीला बस मिळत नाही, म्हणून तिनं बेचाळिसाव्या वर्षी मोटारसायकल शिकायला घेतली होती. पहिल्या टेस्टला आठचा आकडा काढताना तिचा पाय जमिनीला टेकला. दुसऱ्या वेळी गाडीच बंद पडली. आज तिसरी खेप. आजही हुकलं, तर पुन्हा चार महिने थांबायचं होतं. गाडीपायी तिची टेस्ट जायला नको, एवढंच चष्मेवाल्यांच्या मनात होतं.

त्यांनी गाडी जिन्याखाली डबल स्टँडवर लावली, खाली कपडे भिजवायचा जुना टब सरकवला आणि पाना लावला. बोल्ट ढिम्म हलेना. त्यांनी जोर लावला, मग दोन्ही हातांनी जोर लावला, मग पान्यावर पाय देऊन उभे राहिले. तेव्हा कुठे बोल्टला दया आली आणि तो असा सुटला की थेट टबात पडला. त्याच्या अंगावर काळंभोर तेल धो धो कोसळलं.

मग स्वयंपाकघरातला चिमटा आला. बोल्ट सापडला. त्याचं वॉशर सापडायला आणखी दहा मिनिटं गेली. दोन्ही वस्तू स्वच्छ करायला चष्मेवाले वर न्हाणीघरात गेले आणि त्यांनी बेसिनचा नळ सोडला. बोल्ट चकचकीत झाला, पण बेसिन काळं झालं. बेसिन घासलं तर नळ काळा झाला. नळ पुसला तर टॉवेल काळा झाला. आता टॉवेल लपवायचा कुठे, या विचारात असतानाच बाहेरून बायकोचा आवाज आला. ती बरंच काही सांगत होती, पण नळाच्या धारेत त्यातलं "काका", "गाडी" आणि "निघते" एवढंच कानावर आलं.

"हो, हो, बरोबर आहे!" चष्मेवाले ओरडले. एकोणीस वर्षांच्या संसारात या उत्तरानं त्यांना क्वचितच दगा दिला होता.

टॉवेल बादलीत बुडवून, बोल्ट आणि वॉशर खिशात टाकून ते खाली आले. टब जागेवर होता. नव्या तेलाचा डबा जागेवर होता. गाडी मात्र नव्हती.

खिशातला बोल्ट एकदम किलोभर वजनाचा वाटायला लागला.

तळमजल्यावरचे काका नुकतेच दारात पेपर घेऊन बसले होते. "वहिनी ना? आत्ताच गेल्या की गाडीवरून! छान चालवतात हो. मागे कुणाला तरी बसवलंही होतं."

"डबल सीट?" चष्मेवाल्यांचा आवाज चिरकला. "काका, इंजिनात तेलाचा थेंब नाहीये! इंजिन जाम होईल, मागचं चाक अडकेल, ती पडेल हो!"

त्यांनी फोन लावला. फोन बंद होता. रिक्षा एरवी हाका मारून जातात, आज एकीचाही पत्ता नव्हता. शेवटी काकांनी नातीची सायकल पुढे केली. सायकल गुलाबी होती, तिला पुढे बास्केट होती आणि हँडलला झिरमिळ्या होत्या. चष्मेवाल्यांनी तेलाचा डबा बास्केटमध्ये ठेवला आणि गुडघे कानाला लावत पॅडल मारायला सुरुवात केली.

कोपऱ्यावर त्यांना रस्त्यावर काळा थेंब दिसला. पुढे दुसरा. मग थेंबांची रांगच. गाडीच्या पोटातलं उरलंसुरलं तेल ठिबकतंय, याची त्यांना खात्री पटली. थेंबांचा माग काढत ते दोन वळणं वळले, एक चढ चढले, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या रोड रोलरपाशी येऊन पोचले. थेंब त्याचे होते. रोलरवाला सावलीत डबा खात होता.

"मैदान? परवान्याचं? ते तर मागे राहिलं," तो म्हणाला. मग सायकलकडे पाहून त्यानं विचारलं, "टेस्ट हिच्यावर देणार?"

चष्मेवाल्यांनी सायकल वळवली. निघताना त्यांच्या डोळ्यांपुढे इंजिन होतं. उतारावर फक्त बायको उरली. रस्त्यात पडलेली, हेल्मेट घरंगळलेलं. 'गाडी गेली खड्ड्यात,' ते मनाशी म्हणाले, 'ती धड असू दे. पुन्हा पान्याला हात लावला तर नाव बदलीन.'

मैदानात पोचले तेव्हा त्यांचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. कुंपणाबाहेर रांग उभी होती. आत पांढऱ्या रेषांवर लाल मोटारसायकलवर ती आठचा आकडा काढत होती. पहिलं वर्तुळ झालं होतं, दुसरं चालू होतं. चष्मेवाल्यांनी सायकल टाकली, डबा उचलला, दोरीखालून आत घुसले आणि दोन्ही हात पसरून सरळ गाडीसमोर उभे राहिले.

"थांब! चाक अडकेल!"

करकचून ब्रेक लागले. गाडी त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. डगमगली नाही, बंद पडली नाही. बायकोनं एक पाय अलगद टेकला, हेल्मेटची काच वर केली आणि हळू आवाजात विचारलं, "अहो, हे काय?"

"तेल... इंजिनात तेल नाही! बोल्ट माझ्याकडे आहे!" त्यांनी बोल्ट उंच धरून दाखवला.

"ही गाडी आपली नाही," ती दात आवळून म्हणाली. "खाली टबभर काळं तेल दिसत होतं. मला काय डोळे नाहीत? काकांच्या मुलाला कार काढायची होती म्हणून मी आपली गाडी मागच्या अंगणात ढकलून ठेवली, आणि मैत्रिणीची घेऊन आले. ती बघा, तिथे बसलीये. सगळं सांगितलं मी तुम्हाला. तुम्ही 'बरोबर आहे' म्हणालात!"

चष्मेवाल्यांनी नंबर वाचला. रंग तोच लाल होता, पण नंबर खरंच त्यांचा नव्हता. ते तिथेच, पांढऱ्या रेषेवर, डबा मांडीवर घेऊन बसले आणि हसायला लागले. ती धड होती. इंजिन धड होतं. त्यांना जगात आणखी काही नको होतं.

तेवढ्यात शिट्टी वाजवत इन्स्पेक्टर आले. बायकोचा चेहरा पडला. तिसरी टेस्टही गेली, तीही गाडीमुळे नाही, तर नवऱ्यामुळे.

"हे कोण?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

बायकोनं हेल्मेट काढलं. "मिस्टर आहेत माझे," ती म्हणाली.

इन्स्पेक्टरांनी एकदा गाडीच्या चाकाकडे पाहिलं, एकदा चष्मेवाल्यांच्या गुडघ्यांकडे, आणि कागदावर काहीतरी खरडलं. "आठ काय, सगळेच काढतात. पण अचानक माणूस आडवा आला तर गाडी कशी थांबवायची, ते इथे दाखवता येत नाही. ते आज दिसलं. पाय न टेकता दीड वर्तुळ झालंय, तेवढं पुरे. पास."

"पास?" दोघं एकदमच म्हणाले.

"पास. आता यांना उचला, रस्ता मोकळा करा."

बायकोनं हात दिला. चष्मेवाले उठले. तिच्या हाताला त्यांचं सगळं काळं लागलं, तरी तिनं तो सोडला नाही. दोघं दोरीबाहेर आली, तोच रांगेतला पुढचा गृहस्थ हेल्मेट काखेत मारून लगबगीनं त्यांच्याजवळ आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"माफ करा, साहेब," तो खालच्या आवाजात म्हणाला, "माझी चौथी वेळ आहे. तुम्हाला घाई नसेल, तर जरा माझ्याही समोर याल का?"