छताला दोन हात

"याही फोटोत बाबांना डोळे नाहीत," असं म्हणून लेकीने कॅमेरा मामाच्या हातात परत दिला.

खरं होतं. फोटोत आई होती, आत्या होती, लेक होती आणि मधोमध तिचा रंगारी बाप बसला होता. पण त्याच्या चष्म्याच्या जागी दोन पांढऱ्याफटक चकत्या होत्या. फ्लॅशने बाकीच्यांनाही सोडलं नव्हतं. आईचा चेहरा चुना फासल्यासारखा दिसत होता, आणि मागच्या भिंतीवर आत्याची एवढी मोठी काळी सावली पडली होती, की हे पाचवं माणूस कोण, असं कुणीही विचारलं असतं.

लेकीला विमानतळावर न्यायला त्याच दिवशी संध्याकाळी सहाला गाडी येणार होती. दोन वर्षांची नोकरी, तीही समुद्रापलीकडे. तिथल्या खोलीच्या भिंतीवर लावायला तिला एकच वस्तू हवी होती: घरच्यांचा असा एक फोटो, ज्यात बाबा तिच्याकडे बघतायत. बावीस वर्षांत तसा फोटो निघाला नव्हता. घरात काढावा तर फ्लॅशने चष्मा पांढरा. बाहेर काढावा तर काचा उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या. चष्मा काढून बसवलं, तर बाबा मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसासारखे परके दिसत.

"काळजी करू नकोस," मामा म्हणाला. त्याने हा कॅमेरा नुकताच जुन्या बाजारातून घेतला होता आणि त्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं. "फ्लॅशचा उजेड टोकदार असतो. तो मऊ करायचा. आणि त्याला खर्च काही नाही. ताई, एक पांढरा रुमाल दे."

रुमाल फ्लॅशवर बांधला. चकत्या गेल्या नाहीत, नुसत्या मळक्या झाल्या. मग मामाने स्वयंपाकघरात जाऊन कपडे धुवायच्या पावडरीचा पांढरा डबा रिकामा केला आणि कात्रीने उभा कापला.

"अरे, नवा डबा होता तो!" आई ओरडली.

"कलेसाठी गेला, ताई."

"कला तुझी, पावडर माझी. आता ती काय ओंजळीत धरून बसू?"

डब्याच्या तुकड्याने मात्र काम केलं. आईच्या चेहऱ्यावरचा चुना उतरला, आत्याची सावली फिकी झाली. पण चकत्या जागच्या जागी. मामाने कपाळाला हात लावला आणि शेवटचा उपाय काढला. "फ्लॅश समोर मारायचाच नाही. वर, छताकडे मारायचा. छतावरून उजेड खाली येतो, अगदी सकाळी खिडकीतून येतो तसा. चष्म्यात सरळ जातच नाही."

फोटो निघाला. चकत्या गायब. डोळे? डोळे होते. पण बाबा हिरवे होते. आईही हिरवी, लेकही हिरवी.

"मला तर शेवाळच धरलंय," आत्या चष्म्यावर चष्मा लावून बघत म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. छत पोपटी होतं. रंगाऱ्याच्या घराला नवा रंग कधीच लागत नसे. गिऱ्हाइकांकडून उरलेले डबे घरी येत. छताला एका बालवाडीचा पोपटी ऑइलपेंट लागला होता, आणि रोज बघून बघून तो कुणाला दिसेनासा झाला होता. उजेडाला मात्र दिसला.

"छताखाली पांढरी चादर बांधू," मामा म्हणाला. बांधलीही. तिसऱ्या मिनिटाला ती चारही माणसांच्या डोक्यावर आली, आणि आत्या आतून म्हणाली, "मला एवढ्यात झाकू नका रे!"

रंगारी चादरीतून बाहेर आला आणि मघापासून पहिल्यांदाच नीट बोलला. "छत पांढरं पाहिजे. एवढंच ना?"

आईला पुढचं सगळं कळलं. "अहो, नाही. साडेअकरा वाजलेत. पोरगी सहाला जाणार आहे."

"पांढऱ्याचा डबा आहे घरात."

"मग चकचकीत पांढरा लाव रे, लवकर वाळतो तो," आत्याने सल्ला दिला.

"चकचकीत नको. त्याच्यावर उजेड आपटतो आणि तसाच अंगावर येतो. मॅटवर पडला की पसरतो."

मामा तोंड उघडं टाकून बघत राहिला. "भाऊजी, हे समजायला मला एकवीस पानं वाचावी लागली."

"मला एकवीस वर्षं शिडीवर उभं राहावं लागलं," रंगारी म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या वर करत शिडी आणायला गेला.

"अहो भाऊजी, आपण बसतो तेवढाच चौकोन रंगवा! वीतभर इकडे, वीतभर तिकडे. पंधरा मिनिटांचं काम."

रंगाऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की मामाने शब्द परत घेतले. चौकोन! ज्या माणसाने लोकांच्या माळ्यांच्या आतली बाजूही दोनदा रंगवली, तो स्वतःच्या बैठकीत चौकोन सोडेल? शिवाय ऑइलपेंटवर मॅट रंग नुसता धरत नाही. आधी पॉलिश पेपरने घासायचं, मग प्रायमर, मग रंगाचा एक हात, मग दुसरा.

एक वाजेपर्यंत घर ओळखू येईना. कपाट, दिवाण आणि लेकीच्या बांधून ठेवलेल्या बॅगा, सगळं जुन्या चादरींखाली गेलं. घासताना पोपटी भुकटी खाली येऊ लागली, तसं सगळ्यांनी वर्तमानपत्राच्या टोप्या घातल्या. अंगावर फोटोसाठी घातलेले ठेवणीतले कपडे. जेवण स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या.

"माझा पासपोर्ट कुठल्या चादरीखाली आहे?" लेकीने विचारलं.

"पांढऱ्या," आई म्हणाली. चादरी सगळ्याच पांढऱ्या होत्या.

लेकीने पासपोर्ट शोधून काढला, खिशात टाकला आणि शिडी धरायला जाऊन उभी राहिली. वरून बाबा म्हणाले, "बाजूला हो, अंगावर थेंब पडेल." ती हलली नाही. "तिकडे थंडी असते म्हणे," ते रोलर फिरवत म्हणाले. "हो." "खोलीला ओल असेल तर आधी ओल थांबवायची. वरून रंग मारून उपयोग नाही." "बरं, बाबा." एवढंच दोघांचं दिवसभरातलं बोलणं.

पहिला हात अडीचला झाला. त्यातून पोपटी डोकावत होता. तो वाळेपर्यंत आत्या पुठ्ठ्याने छताला वारा घालत बसली. "भावाला घातला नाही एवढा वारा घालतेय," ती म्हणाली. दुसरा हात सव्वाचारला संपला. सव्वापाचला रंगाऱ्याने शिडीवर चढून बोट लावून पाहिलं आणि मान हलवली.

मग धावपळ. चादरी काढा, टोप्या काढा, आईच्या केसांतली भुकटी झटका, बाबांच्या चष्म्यावरचे रंगाचे बारीक ठिपके नखाने काढा. छत असं पांढरंशुभ्र झालं होतं, की खोली हातभर उंच वाटत होती. चौघं बसली. मामाने फ्लॅश वर वळवला.

पहिला फोटो. उजेड रेशमासारखा पडला. आई दहा वर्षांनी लहान दिसली. चष्म्यात एक ठिपका नाही. पण रंगारी वर बघत होता.

"भाऊजी, इकडे बघा, माझ्याकडे!"

दुसरा फोटो. पुन्हा वर.

"बाबा!"

"मी कुठं वर बघतोय?" रंगारी वर बघतच म्हणाला. तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. लेकीने बाबांचा हात धरला. रंगाऱ्याने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, चष्म्याच्या वरून छताकडे पाहिलं आणि मोकळा हात उंच केला. "तो बघा. तिथं डाग राहिलाय."

सगळ्यांनी वर पाहिलं, आणि मामाच्या बोटाने बटण दाबलं गेलं.

हॉर्न पुन्हा वाजला. सगळे कॅमेऱ्यावर वाकले. फोटोत चौघं वर बघत होती, जणू आभाळातून काही सुंदर उतरत होतं. आणि मधोमध, घसरलेल्या चष्म्याच्या वर, बाबांचे डोळे होते. मोठे, तपकिरी, उघडे.

लेकीने कॅमेरा जवळ ओढला. मग म्हणाली, "हाच."

"पण तू म्हणालीस तुझ्याकडे बघताना हवा," मामा कुरकुरला.

"हाच हवा मला."

"म्हणजे," आत्या सावकाश म्हणाली, "सकाळीच चष्मा नाकावर ओढला असता, तर छत रंगवावं लागलं नसतं?"

आईने कापलेल्या डब्याकडे पाहिलं. मामाने कॅमेऱ्याकडे पाहिलं. रंगारी मात्र फोटोच न्याहाळत होता. "छत कुठंय यात?" त्याने विचारलं.

"छत फोटोत येत नाही, भाऊजी. ते फक्त उजेड देतं."

"एवढं रंगवलं ते?" रंगारी म्हणाला, आणि बॅगा उचलून गाडीकडे निघाला.

मामाने फोटो लेकीच्या फोनवर पाठवला. गाडी वळेपर्यंत सगळे हात हलवत उभे राहिले. मग रंगारी ब्रश धुवायला मागच्या नळावर गेला आणि तिथेच बराच वेळ पाणी सोडून बसला. मामाला वाईट वाटलं. निदान डाग तरी आपण काढावा, म्हणून तो उरलेला रंग आणि कोरडा ब्रश घेऊन शिडीवर चढला. नाक छताला लागेपर्यंत त्याने शोध घेतला.

"ताई, इथं तर कुठंच डाग नाही."

"नसणारच," आई खालून म्हणाली. "त्यांच्या कामात कधी डाग राहिलाय?"

"मग वर काय बघत होते?"

"वर बघितलं की डोळ्यांतलं पाणी खाली येत नाही." तिने चादरीची घडी घातली. "पोरीलाही माहितीये ते. फोटो निघाल्यावरही ते हात खाली घेईपर्यंत तीही मान खाली करत नव्हती."

मागून रंगाऱ्याची हाक आली, "मेहुणे! सापडला का डाग?"

मामाने बहिणीकडे पाहिलं, कोरडा ब्रश उचलला आणि पांढऱ्याशुभ्र छतावर खसाखसा फिरवत ओरडला, "सापडला, भाऊजी! चांगला मोठा होता!"