तिर्रीची जोडी

डेल्बर्टचं डोकं सकाळी अकरालाच फिरलं. गार्डेनाच्या पत्त्यांच्या क्लबात त्याच्या मेव्हण्यानं, वेन्डेलनं, त्याला पुन्हा त्याच लबाडीनं लुटलं. हातात पंजीची फुटकळ जोडी, आधी गरीब चेहऱ्यानं ‘चेक’, म्हणजे तूर्तास काही लावत नाही. आणि डेल्बर्टनं पैसे लावले की वर दुप्पट, म्हणजे ‘रेझ’.

"फालतू जोडीवर चेक-रेझ करतोस? लाज कशी वाटत नाही?"

"वाटते ना भावोजी. जिंकल्यावर."

"वीस वर्षांत भक्कम पानांशिवाय मी ते केलेलं नाही."

"म्हणून तर तुम्ही केलं की अख्खं टेबल पानं टाकून डाव सोडतं."

मागच्या आठवड्यात दोघांनी इतका तमाशा केला होता, की मॅनेजर मिसेस क्वेडनी बजावलं होतं, आता रागानं टेबलावर हात आपटेल तो वर्षभर बाहेर. निवृत्त प्लंबर डेल्बर्टला या खुर्चीशिवाय जागा नव्हती. घरी बायको आणि तिची चार मांजरं. त्यांतलं कुणीच त्याच्याशी बोलत नसे. डोळ्यांपायी लायसन्स गेल्यापासून इथवर आणायचाही वेन्डेलच.

पुढच्या डावात त्याला तिर्रीची जोडी आली. शेवटचं पान उघडलं तरी हाती तेवढी जोडीच. बाकीचे डावातून बाहेर पडले, उरला वेन्डेल, शीळ घालत. डेल्बर्टच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं टेबलावर दणकन मूठ आपटली.

मिसेस क्वेड हजर. टेबलावर हात ठोकणं म्हणजे चेक, ही तिथली रीत. "हा राग होता की चेक?"

"चेक," डेल्बर्ट दात आवळून म्हणाला.

"एवढ्या जोरात?"

"मेव्हण्याला कमी ऐकू येतं."

वेन्डेलनं हसत आठ डॉलर लावले. मिसेस क्वेड जागच्या हलेनात. मूठ म्हणजे डावच होता हे दाखवायचं, तर पुढची चाल एकच होती: चेकनंतर दुप्पट.

"रेझ," डेल्बर्ट म्हणाला. स्वतःचीच त्याला शिसारी आली.

शीळ थांबली. लिमिटचा डाव, रक्कम ठरलेली. पानं बघायला वेन्डेलला आणखी आठच डॉलर पडणार होते. पण भावोजी आणि फालतू जोडी? शक्यच नाही. वेन्डेलनं गुलामाची जोडी टाकून दिली.

डेल्बर्टला राहवेना. त्यानं तिर्री उताणी केली.

वेन्डेलची मूठ दणकन टेबलावर पडली. "चेक," तो घाईनं म्हणाला.

"पानं टाकलेला माणूस कसला चेक करतो?" मिसेस क्वेडनी दाराकडे बोट दाखवलं. "वर्षभर."

डेल्बर्ट खुर्चीत ऐसपैस बसला. वर्षभर खुर्ची आपली, आणि शीळ नाही.

वेन्डेल दारातून वळला, बोटात गाडीची किल्ली फिरवत. "चला भावोजी. उद्यापासून बसनं या. तीन बदलाव्या लागतात."

डेल्बर्टची मूठ वर गेली. मिसेस क्वेड तिथंच उभ्या होत्या. त्यानं मूठ उघडली, टोपी उचलली आणि तो निमूट मेव्हण्यामागं निघाला.