सोनकांबळे काकांचं क्युअरिंग

सोनकांबळे काका कुठलीही वस्तू सरळ बघत नाहीत, तिरकी बघतात. आमच्या चिंचवडच्या सोसायटीचं गेट रंगवलं, तेव्हा मान वाकडी करून, मोबाईलचा टॉर्च मारून त्यांनी निकाल दिला, "संत्र्याच्या सालीसारखं आलंय. रीवर्क." महाळुंग्याच्या कंपनीत, पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगकामाच्या खात्यात जन्म गेलेला माणूस; रंग भट्टीत तापवून पक्का करायचा, त्याला तिथं क्युअरिंग म्हणतात. माझ्या लग्नात नवरीचा मेकअपही त्यांनी तसाच पाहिला आणि "क्युअरिंग कमी पडलंय," म्हणाले. बायको अजून त्यांना चहा अर्धा कपच देते.

गेल्या वर्षी कंपनीनं नवी लाइन बसवायला त्यांना राजस्थानात धाडलं. तिथून ते गालावर एक फोड घेऊन आले. फोडाचा व्रण झाला आणि तो काही केल्या भरेना. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाळूमाशी चावलीय, कातडीत परजीवी शिरलेत. मलम लावून झाकायचं, मग गाल लाल दिव्याखाली धरायचा, म्हणजे ते मरतात.

काका एकदम खुलले. "म्हणजे कोटिंग, मास्किंग, क्युअरिंग. राव, हे तर आपलंच खातं." मग दिव्यावर कॅलिब्रेशनचं स्टिकर का नाही, असंही त्यांनी विचारलं.

"काका, तुम्ही गाल द्या, दिवा मी बघते," बाई ग्लोव्ह्ज चढवत म्हणाल्या.

दिवा घेतल्यावर गाल उजेडापासून झाकायला सांगितला होता. काकांनी पेंट शॉपमधली मास्किंग टेप आणि वर्तमानपत्र लावून अर्धं तोंड पॅक केलं आणि तसेच बसनं कामाला गेले. टेप काढताना अर्धी मिशी गेली. आम्ही पोट धरून हसलो, तेही हसले.

एका बाबतीत मात्र ते हसत नसत. देहूरोडला त्यांच्या लेकीला, सुजाताला मुलगी झाली होती. हे हात लावल्यानं पसरत नाही, असं बाईंनी बजावूनही काका नातीला दारातूनच बघून परत येत. "मी सध्या होल्डवरचा माल. होल्डचा माल पुढं जात नसतो." काकू गेल्यापासून घरात एकटेच. नातीच्या फोटोशी बोलताना मी त्यांना भिंतीपलीकडून ऐकलंय, आणि मला फार वाईट वाटायचं.

व्रण भरला, पांढुरका डाग राहिला. बाईंनी बरे झालात म्हणून सांगितलं, तरी काकांचा पाय देहूरोडकडे वळेना. शेवटी सुजाताच बाळाला घेऊन आली. मी तिथंच होतो.

"बाबा, मांडी घाला."

"थांब गं, डाग हाय अजून."

तिनं ऐकलं नाही. पोरगी मांडीवर आली, आजोबांकडे टकमक बघत राहिली, मग हात उचलून तिनं नेमका त्या डागावर ठेवला. सुजाता तो बाजूला घ्यायला वाकली.

"राहू दे," काका म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून या गालाला ग्लोव्ह्जशिवाय कुणाचा हात लागला नाही."