किडनी हलवायची नाही

अगं, तू फक्त ऐक, मध्ये एक शब्द बोलू नकोस. आमच्या वरच्या मजल्यावर ती नर्सिंगवाली राहते ना, जिला सगळे चिकट म्हणतात? एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सोडत नाही, म्हणून चिकट. तर ही चिकट शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाली. समोर बाई दिसल्या की हिचं डोकं कोरं. तिसऱ्यांदा तसंच झालं असतं, तर कॉलेजमधून नावच कमी!

मग तिने कंबर कसली. नुसतं वाचून काही होत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. पुस्तक मिटायचं, आठवेल ते मोठ्याने बोलायचं, चुकलं तेवढंच परत बघायचं. आज केलेलं उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. आणि कॉलेजातल्या एका सिनियरने तिला सांगितलं, अवयव घरात ठेव. मनातल्या मनात गं! दार म्हणजे तोंड, आतला पॅसेज अन्ननलिका, सोफा जठर, जेवणाचं टेबल लिव्हर, टेबलाखालची पाण्याची कळशी पित्ताशय, गॅलरीतली कपड्यांची दोरी आतडं आणि बाथरूमबाहेरचं वॉशिंग मशीन किडनी. डोळे मिटून घरातून फिरायचं, की एकेक अवयव हजर.

"फक्त एक करा," तिने घरच्यांना बजावलं, "माझी तोंडी होईपर्यंत घरातली एकही वस्तू जागची हलवू नका."

दुसऱ्याच दिवशी बाबांचा चष्मा सोफ्यामागे पडला.

"जरा पुढे घेतो हा."

"बाबा, जठर आहे ते!"

"अगं, पण मला पेपर वाचायचाय."

"मी वाचून दाखवते ना."

पहिली बातमी तिने नीट वाचली. दुसरीच्या मध्येच ती स्वादुपिंडावर गेली. बाबांनी शेवटी छत्रीच्या मुठीने चष्मा ओढून काढला, एक काडी मोडून.

मग मामा आला. चपला काढतोय तोच ही म्हणाली, "मामा, तुमची बॅग अन्ननलिकेत अडकलीय." मामा हळूच तिच्या आईला म्हणाला, "ताई, पोरीचं सगळं ठीक आहे ना?" आई तर तेव्हाही वही धरून चिकटच्या मागे मागे फिरत होती, चुका काढत.

आणि नेमकं तेव्हाच मशीनमागची नळी गळायला लागली. प्लंबर आला, वाकून बघितलं.

"मशीन सरकवायला लागेल."

"किडनी हलवायची नाही," चिकट म्हणाली.

प्लंबर आईकडे बघायला लागला. "काकू, कोणाची किडनी?"

"तेच हो. मशीन."

बिचारा फरशीवर पालथा पडला, मागे हात घालून, न बघताच नळीला पट्टी गुंडाळली. "हे टिकणार नाही हां, ताई."

"गुरुवारी माझी तोंडी आहे, तोपर्यंत टिकवा."

असा तो तीनदा आला. तिन्ही वेळा ही डोळे मिटून, त्याचे पाय ओलांडत, अख्खी पचनसंस्था किडनीसकट म्हणत गेली.

गुरुवारी चिकट बाहेर पडली आणि अर्ध्या तासात नळी फुटली. मुख्य नळ सापडेपर्यंत घरात घोटाभर पाणी! प्लंबर धावत आला. मामाने आणि बाबांनी सोफा भिंतीला उभा केला, टेबल पलंगावर चढवलं, मशीन ओढून पॅसेजमध्ये आडवं टाकलं. कळशी कुठे तरंगत गेली, देव जाणे. तेवढ्यात फोन.

"आई, माझा तिसरा नंबर आहे. डोकं कोरं झालंय गं! तू फक्त दारातून आत चालत ये आणि दिसेल ते सांग."

बाबा काही बोलणार, तोच आईने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आणि डोळे मिटले.

"दारात आहे मी. हे तोंड. आता अन्ननलिका. सोफा आला, जठर. टेबल, म्हणजे लिव्हर. मग..." आई अडली.

"काकू, पित्ताशय," पाण्यात गुडघे टेकून बसलेला प्लंबर कुजबुजला.

"पित्ताशय!" आई ओरडली.

"कोण आहे तिथे?"

"टीव्ही, टीव्ही."

"थांब, पुढचं मी सांगते." आणि चिकट सुटली ती थेट शेवटपर्यंत. "किडनी आहे ना जागेवर?"

आईने डोळे उघडले. पायाशी मशीन आडवं पडलं होतं. "जागेवर आहे," आई म्हणाली.

दुपारी चिकट जिन्यातूनच ओरडत आली, "पास! बाई म्हणाल्या, इतकं सलग कोणीच सांगितलं नाही!" दार उघडलं. उभ्या सोफ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"तू काय बघून सांगत होतीस?"

"काही नाही. डोळे मिटले होते."

चिकटने पोछा उचलला, आईच्या शेजारी बसून पाणी टिपायला लागली. आणि थोड्या वेळाने, अगदी बाईंच्या आवाजात म्हणाली, "पित्ताशयाला अडलीस. चुकलं तेवढं परत. बोल, कशाच्या खाली असतं?"

"लिव्हरच्या," आई पोछा पिळत म्हणाली.

आता बाबांचं म्हणणं, परीक्षेच्या दारात पोरीशी खोटं बोलायला नको होतं. मामा म्हणतो, खरं सांगितलं असतं तर ती तिथेच बसकण मारून रडली असती. तूच सांग, घोटाभर पाण्यात तू उभी असतीस आणि तो फोन तुला आला असता, तर तू काय केलं असतंस?