नेमाकाकांचे दोन सूर्य

आमच्या वरच्या मजल्यावरचे नेमाकाका रोज सकाळी गच्चीवर जातात आणि उगवलेला सूर्य कोणता आहे, ते तपासतात. खाली येताना माझं दार वाजवून निकाल सांगतात, "मास्तर, आज दुसरा हाये. कालचा उद्या येईन."

मी जन्मभर भूगोल शिकवला. माझ्याच दारात, माझाच चहा पिऊन हा माणूस मला दोन सूर्य सांगतो, म्हणजे काय!

जैन ग्रंथांतलं जंबुद्वीप थाळीसारखं गोल. मधोमध मेरू पर्वत, त्याच्याभोवती समोरासमोर फिरणारे दोन सूर्य; आपल्याला ते आळीपाळीनं, एक दिवसाआड दिसतात. जुन्या लोकांनी किती देखणा हिशेब मांडला, असं मीही वर्गात सांगायचो. पण काकांनी तो गच्चीवर मांडलाय! खिळा, सुतळी आणि चुना घेऊन. मधे जंबुद्वीप, त्याच्या दुप्पट रुंद लवणसमुद्र, त्याच्या दुप्पट पुढचं द्वीप... दुपटीदुपटीनं सगळी गच्ची गेली. माझ्या बायकोनं मिरच्या वाळत घातल्या की ओरडतात, "वहिनी, मिरच्या समुद्रात आल्या तुमच्या!"

एकदा परिघावरून वाजलं. काका म्हणाले, व्यासाच्या वर्गाला दहानं गुणा आणि मूळ काढा. मी टाकीच्या गोल झाकणाला दोरी गुंडाळून दाखवली. दोरी त्यांच्या हिशेबापेक्षा कमी भरली. काकांनी झाकण उलटसुलट करून पाहिलं. "झाकण चेपलं हाये," म्हणाले.

मग मात्र माझं डोकं फिरलं. दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडलं. त्यावर ठसठशीत काळा डाग होता. काकांना बोलावून म्हटलं, "हाच डाग उद्याही दिसला तर सूर्य एकच. कबूल?"

"कबूल! मी काहून भिऊ? दोन हायेत, मोजून घ्या!"

टाकीच्या सावलीत खुर्चीवर सुमनकाकी बसल्या होत्या. "अहो, भांडत काय बसले? टोपी घाला, ऊन लागून राहिलं," त्या काकांना म्हणाल्या. काका केवढे खुलले! बायकोनं टोपी घालायला सांगितली म्हणून कुणी इतकं खुलतं का?

दुसऱ्या सकाळी मी आधीच जाऊन पुठ्ठा लावला. डाग होता, जरासा सरकलेला, पण तोच. आता सापडले, म्हटलं.

काका काकींना हाताला धरून जिना चढून आले. काकी हात ओढत होत्या. "हे बुवा कोण हायेत, भाऊ? माहा हात काहून धरला यायनं?" त्यांनी मला विचारलं.

काकांनी लगेच हात सोडला. "बसा बाई तुम्ही, खुर्ची हाये," परक्या बाईशी बोलावं तसे ते म्हणाले. मग माझ्याजवळ आले.

"आज दुसरा सूर्य हाये ना, मास्तर. यात तिले मी वळखू येत नाही. कालच्यात आलो होतो. तो उद्या येईन." पुठ्ठ्याकडे न पाहताच त्यांनी विचारलं, "डाग दिसला का?"

मला भयंकर संताप आला. काकांचा नाही, त्या डागाचा. एवढ्या मोठ्या आकाशात एक सूर्य जास्त असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

मी पुठ्ठा पालथा घातला. "नाही काका. आजचा स्वच्छ आहे."

"म्हटलं होतं ना!" काका म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि काकींच्या हाताशी येईल अशी कठड्यावर ठेवली. उद्या लागणार होती.