कौतिकाबाई बाहेर गेल्यात

आमच्या गल्लीतली लाईट गेली की मोबाईलमधून सगळ्यांची नावं गायब होतात. एरवी वायफाय चालू केलं की पडेगावच्या आमच्या कॉलनीची अख्खी पंगत पडद्यावर बसलेली असते. कुणी आडनाव लावलंय, कुणी नातवाचं लाडकं नाव, एकानं तर ‘फुकट मिळणार नाही’ हेच नाव ठेवलंय. लाईट गेली की पंगत उठते. मागं एकच नाव उरतं. कौतिका. सिग्नल पूर्ण.

कौतिकाबाई म्हणजे आमचे शेजारी रायभानकाका यांची बायको. त्या वारल्या, त्याला वर्ष उलटून गेलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. भूतबित काही नसतं, हे पोरांना दरवर्षी घसा फोडून सांगते. पण तिन्हीसांजेला काळोख्या गल्लीतून घरी येताना काकांच्या फाटकापाशी माझा फोन आपोआप थरथरतो आणि ‘कौतिकाशी जोडले’ असं दाखवतो, तेव्हा मी ओढणी सावरून चालण्याचा वेग वाढवते. पासवर्ड बाईंनीच हौसेनं दिला होता, फोननं तो लक्षात ठेवलाय. त्यांचं नेट म्हणजे सिमकार्ड घालायची एक छोटी डबी, आत बॅटरी, म्हणून ती लाईट गेल्यावरही चालते. हे सगळं मला समजतं. तरीही वेग वाढतोच.

रायभानकाका मूळ सोयगावकडचे. बालपण मेंढरांमागं गेलं, जवानी एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर म्हणून. मिशी पांढरी, आवाज माळरानावरून हाक मारणाऱ्याचा. रात्री कळप राखायला दोघं दोघं असायचे, एक झोपला की दुसरा जागा. तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना पाळीची वाटते. पाण्याची मोटर कुणी लावायची, कचऱ्याच्या गाडीला कुणी थांबवायचं, सगळ्याला त्यांचा एकच प्रश्न, “पाळी कुणाचीय?”

निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि घरात युद्ध सुरू झालं. काका धनगरी ओव्या लावायचे, बाई मोबाईलवर बहिणीशी बोलायच्या. चित्र अडलं की दोघंही एकमेकांवर खेकसायचे. “तू माझं नेट खायलीस!” “मी कामून खाऊ? तुमच्या ढोलानंच फाटलंय ते!” शेवटी बाईंनी वेगळी डबी आणली आणि स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली. काकांनी मोठ्या समाधानानं सोयगावला भावाला फोन केला, “आमी येगळे निघालो बरं का. आता भांडण नाय.”

दुसऱ्या दिवशी जीप भरून नातेवाईक हजर. म्हाताऱ्या वयात हे काय खूळ, पंचात बसा, मिटवा, म्हणून बायका रडायला लागल्या. काकांनी सगळ्यांना आत नेऊन एकीकडं वायरवालं खोकं आणि दुसरीकडं डबी दाखवली. “चूल एकच हाय. नेट येगळं झालंय.” जीप जेवून परत गेली.

बाई गेल्या, आणि मला वाटलं डबी बंद होईल. झालं उलटंच. काकांनी एका तंत्रज्ञाला बोलावून दोन्ही नेट एकाच कॉम्प्युटरला जोडायला सांगितली. बिचारा समजावत होता, “काका, दोन लावली म्हणून स्पीड डबल होत नाही. एक चालतं, दुसरं नुसतं उभं राहतं. पहिलं पडलं तरच दुसरं उठतं.”

“व्हय, बरोबरंय,” काका म्हणाले. “आमचं तसंच व्हतं. तू जोड.”

त्यातून पुढं काय निघालं, ते मी दिवेलागणीला एकदा धिरडी द्यायला गेले तेव्हा पाहिलं. कॉम्प्युटरवर ओव्या लागल्या होत्या, ढोल घुमत होता. खुंटीवर गुलमंडीतल्या दुकानाची पिशवी लटकत होती, आत चॉकलेटी साडी, घडी न मोडलेली. मी बघतेय म्हटल्यावर काका म्हणाले, “रंग नाय आवडला तिला. बदलायला उद्या जाऊ म्हणलो व्हतो.” मग घड्याळ बघून ते उठले. “बसा मॅडम. पाळी बदलायची येळ झाली.”

त्यांनी कॉम्प्युटरच्या मागची स्वतःची वायर उपटली.

ढोल थोडा वेळ चालला आणि थांबला. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. काका पडद्याकडं बघतच नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. मग मीही बघायला लागले. दाराचा पडदा हलल्यासारखा झाला, आत कुठंतरी भांडं वाजलं. वारा असेल, मांजर असेल. बांगड्या वाजल्या असं मी अजिबात म्हणणार नाही, मी विज्ञान शिकवते.

एकदम ढोल पुन्हा सुरू झाला.

“आली बघा,” काका म्हणाले आणि मोकळेपणानं पाठ टेकून बसले. धिरड्यांचं ताट माझ्या हातातच राहिलं होतं.

हे रोज चालायचं. एखाद्या दिवशी चक्र जास्त वेळ फिरलं तर काका कळवळून सांगायचे, “रुसलीय. सकाळी भांडी नाय घासली मी.” दुसऱ्या दिवशी भांडी लख्ख.

त्याहून विचित्र म्हणजे फोन. डबीच्या एजन्सीतून एक मुलगी, कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशी बोलून खातरजमा करायला, अधूनमधून बाईंच्या नंबरावर फोन करायची. तो जुना मोबाईल ओट्यावर कायम चार्जिंगला लावलेला, कारण वायर काढली की जीव सोडतो. भिंत सामाईक, काकांचा आवाज तसला. मला सगळं ऐकू यायचं.

“कौतिकाबाई? गिरणीत गेल्यात.” पुढच्या खेपेला, “दौलताबादला गेल्यात, देवाला.” मग, “गुलमंडीला गेल्यात, साडी बदलायला.” एकदा तर, “माहेरी गेल्यात. कवा येतील सांगता येत नाय.” हळूहळू माझ्या डोळ्यांसमोर बाई गावभर फिरायला लागल्या. गुलमंडीत गर्दीत कुणी पाठमोरी बाई दिसली की मी उगाच दुसऱ्या बोळातून जायची.

शेवटी न राहवून मी म्हटलं, “काका, डबी तुमच्या नावावर करून घ्या ना. दरवेळी खोटं कशाला?”

काकांनी मिशीवरून हात फिरवला. “रेशनवरनं मीच काढलं तिचं नाव. बँकेतनं मीच. जिथं तिथं सही करून माझ्याच हातानं तिला काढत गेलो, मॅडम. आता ही एकच जागा ऱ्हायली, जिथनं कुणीतरी तिला इचारतंय. त्या हायेत का म्हणतंय.” मी उगाच त्यांच्या तुळशीला पाणी घालून आले.

परवा संध्याकाळी काकांनी मला भिंतीवरून हाक मारली. हाक नेहमीसारखी नव्हती, म्हणून चपला न घालताच गेले. त्यांची वायर उपटलेली होती. पडद्यावर चक्र फिरत होतं. दाराचा पडदा नुसता लोंबकळत होता.

“येईना झालीय,” काका म्हणाले. “भांडीबी घासली. लई येळ झाला.”

मी डबी बघायला आत जाणार, एवढ्यात ओट्यावरचा मोबाईल वाजला. काका धावले, स्पीकर लावला. तीच मुलगी. “सर, ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांच्याशी एकदा बोलल्याशिवाय चालू ठेवता येत नाही, म्हणून थांबवलंय. मॅडमना द्या. आज नाही झालं तर कायमचं बंद होईल.”

“त्या...” काका म्हणाले. “त्या ना...”

एवढा गावभर बायकोला फिरवून आणणारा माणूस, पण आज त्यांना जागाच सुचेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मोबाईल ओट्यावर ठेवला, आणि भिंत धरत धरत बाहेर जाऊन कॉम्प्युटरपुढं बसले.

“हॅलो? हॅलो? मॅडम आहेत का?”

अंधारत चाललेल्या त्या स्वयंपाकघरात मी एकटी. डबीचा बारीक दिवा लाल. अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. मी ओट्याशी वाकले.

“हां, बोला. कौतिकाबाई बोलते.”

“अहो मॅडम, सापडलात एकदाच्या! कायम बाहेरच असता तुम्ही.”

“हो ना. आता आहे घरी.”

“चालू ठेवायचं ना कनेक्शन?”

“ठेवा. बंद करू नका.”

“करते लगेच. आणि हो, साडी बदलून मिळाली का? सर सांगत होते.”

“मिळाली,” मी म्हणाले. “हिरवी घेतली.” हिरवी कुठून तोंडात आली, मला माहीत नाही. बाईंना मी जन्मात साडीचा रंग विचारला नव्हता.

फोन बंद झाला. डबीचा दिवा लालाचा हिरवा झाला, आणि बाहेर ढोल घुमायला लागला.

काका ‘आली बघा’ म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं बाहेरून त्यांचा आवाज आला. बाईंशी बोलतानाचा हा आवाज मी भिंतीआडून कित्येकदा ऐकला होता, पण गेल्या वर्षभरात एकदाही नाही.

“हिरवीच घेतलीस का? बरं केलंस. किती दिवस लटकून ऱ्हायलं व्हतं ते.” मग, “चहा टाक गं आता.”

मी बाईंच्या डब्यातून साखर काढली आणि गॅस पेटवला.